मोतीरामच्या नावाखालचा निरोप

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. लहान फ्रिजएवढा काळा लोखंडी डबा समजा. वाळूजच्या एका कारखान्यात, जिन्याखालच्या खोलीत माझा मुक्काम आहे. इथे गाड्यांचे सुटे भाग बनतात. माणसं कामावर एकमेकांना जे निरोप टाइप करतात, ते मी जपून ठेवतो.

मी नवा होतो तेव्हा माझ्या खोलीत एसी होता. साहेब लोक पाहुण्यांना मला दाखवायला आणत. पुढे एसी बद्रीनाथ साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि माझ्या डोक्यावर जुन्या कॅलेंडरांचे गठ्ठे आले. खंडेनवमीला सगळ्या प्रेसना, म्हणजे पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या यंत्रांना, झेंडूचे हार घालतात, तेव्हा माझी आठवण फक्त झाडू मारणाऱ्या लीलाबाईंना येते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण मला कमी लेखू नका. पडद्यावरून मजकूर गेला म्हणजे तो संपला, असं सगळ्यांना वाटतं. तो माझ्या पोटात असतो. कामगाराला त्याच्या ग्रुपपुरतंच दिसतं. माझी व्यवस्था पाहणाऱ्या राजनंदिनी मॅडमना मात्र सगळं धुंडाळता येतं. नाव टाका, तारीख टाका, ग्रुप निवडा, एखादा शब्द द्या, की मी काढून देतो. ही किल्ली जोखमीची आहे, म्हणून मॅडम ती सहसा वापरत नाहीत.

त्या दिवशी वापरावी लागली. प्रेसमध्ये कृष्णा नावाच्या कामगाराची दोन बोटं गेली होती. हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद होता. आधीच्या शिफ्टला त्या प्रेसवर सम्यक होता, आणि त्याने बिघाड कळवला नाही, असा ठपका होता. तो म्हणत होता, कळवला. पण ज्या ग्रुपवर कळवला, तो अपघातानंतर लगेच बद्रीनाथ साहेबांनी बंद केला होता, त्यामुळे त्यातलं आता कुणालाच दिसत नव्हतं. वर चौकशी समिती बसली होती. निरोप सापडला नाही, तर सम्यकची नोकरी जाणार होती.

बद्रीनाथ साहेब उत्पादनाचे प्रमुख. ते मॅडमच्या खुर्चीमागे उभे राहिले. सम्यक दारात थांबला.

"त्याच्या नावानं शोधा," साहेब म्हणाले. "बाकी काही उघडायची गरज नाही."

मॅडमनी त्याचं नाव टाकलं, तारीख टाकली. काहीच निघालं नाही. मित्रांनो, मी खोटं बोलू शकत नाही, पण विचारलं नाही ते सांगूही शकत नाही. मला सगळं माहीत होतं आणि तोंडाला कुलूप होतं. माझा जीव असा कधी तळमळला नव्हता.

"झालं तर. चला वर," साहेब म्हणाले.

सम्यकचा चेहरा उतरला. "म्या टाकलाय मॅडम. खोटं बोलून मला काय भेटायचंय?"

मॅडम उठल्या नाहीत. "कशावरून टाकला? फोनवरून?"

"फोन आत नेऊच देत नाय. लाईनवरच्या टॅबवरून टाकला."

"त्याच्यावर लॉगिन तुझं होतं?"

"नाय. मोतीरामकाकाचं. काका रिटायर झाले तरी तेच चालू हाय. सगळे त्याच्यावरूनच टाकतेत."

"मोतीरामचं उघडलं तर अख्ख्या लाईनच्या गप्पा बाहेर येतील," साहेब घाईने म्हणाले. "लोकांचं खासगी असतंय त्यात."

ते मात्र खरं होतं. त्या एका नावाखाली कुणाच्या घरची भांडणं होती, कुणाचं जमलेलं लग्न होतं, साहेबांना ठेवलेली नावंही होती.

"सगळं नाही उघडत," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तो एकच ग्रुप निवडला, तेवढीच तारीख दिली आणि 'सेन्सर' हा शब्द टाकला. त्यांनी मागितलं तेवढंच मी दिलं.

मोतीरामच्या नावाखाली निरोप होता: "प्रेसचा सेन्सर मधीच बंद पडतोय. हात गेला तरी थांबत नाय. प्रेस बंद करू का?"

त्याला जोडूनच उत्तर होतं: "सम्यक, आज चालव. ऑर्डर जाऊ दे. उद्या बघू." पाठवणारे बद्रीनाथ साहेब.

मग साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, हे पुसता येतं का?"

"येतं," मॅडम म्हणाल्या, आणि मला धडकी भरली. "पण कुणी पुसलं, कधी पुसलं, तेही हा लिहून ठेवतो. ते मलासुद्धा पुसता येत नाही."

त्यांनाही नोकरी टिकवायची होती, आणि खुर्चीमागे साहेब उभे होते. तरी त्यांनी तो निरोप कुणालाच पुसता येणार नाही असा बंदोबस्त केला आणि समितीकडे पाठवून दिला.

सम्यकची नोकरी राहिली. साहेबांच्या मागे चौकशी लागली. टॅबवर आता ज्याचं त्याचं लॉगिन असतं. माझ्या डोक्यावरचे गठ्ठे हलले, धूळ पुसली गेली. सगळे माझं कौतुक करू लागले आणि मी जरा फुशारलोही.

मग कृष्णा कामावर परतला. नवं लॉगिन घ्यायला तो माझ्या खोलीत आला आणि डाव्या हाताने एकेक अक्षर दाबत राहिला. ते झाल्यावर त्याने मॅडमना तो निरोप दाखवायला सांगितलं. त्याने तो वाचला, पुन्हा वाचला.

"म्हंजे आधीच सांगितलं व्हतं," तो एवढंच म्हणाला आणि उजवा हात खिशात घालून निघून गेला.

माझी फुशारकी तिथेच जिरली. मित्रांनो, जे लिहाल ते आपल्या नावाने लिहा. माझ्यात शोधायची वेळ आली, तर हवं तेवढंच शोधा, दुसऱ्याच्या घरात डोकावू नका. पण कुणी आज काही सांगत असेल, तर ते आजच ऐका. मी हरवलेला निरोप शोधून देऊ शकतो, बोटं देऊ शकत नाही.