हुंगायचं औषध

मांजर दोन पावलं चालली, मागच्या पायांतून लचकली, आणि ओट्यावर दाटीवाटीनं बसलेल्या बायकांनी एकदम हात जोडले.

"बघ, उजवा पाय ओढतेय," समोरच्या घरातल्या लमयकाकू म्हणाल्या. "तुझी आई अशीच चालायची, नारुमोन. अगदी अशीच."

नारुमोन दाराला टेकून उभी होती. आई जाऊन महिना होत आला होता. अंत्यविधी, भिक्षूंचं जेवण, पाहुण्यांची ऊठबस, सगळं तिनं नीट निभावलं आणि एकदाही रडली नाही. रडू आवरलं होतं असं नाही, ते येतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरानं सुई टोचल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. फक्त आईची ही मांजर, थुआ, अशी लचकत चालली की आत कुठंतरी किंचित हलायचं. तेवढ्यासाठी ती ही गर्दी सोसत होती.

उत्तर थायलंडातलं अर्धं लाम्पांग त्या गर्दीत होतं. लॉटरीची सोडत जवळ आल्यामुळे भक्ती जरा जास्तच उतू चालली होती. एकानं थुआच्या पाठीवर पावडर चोळून सोडतीचे आकडे उमटतात का तेही पाहिलं. मांजरानं आकडे दिले नाहीत, लाळ मात्र भरपूर दिली. ती एका बाईंनी रुमालावर टिपून घेतली.

या चमत्काराचे मालक होते आचान, म्हणजे गुरुजी, बुनलेर्त. पांढरा सदरा, बोटाबोटाला अंगठी, आणि आवाज इतका मऊ की डास मारतानाही आशीर्वाद देत असावेत. आईच्या तसबिरीपुढे त्यांनी एक यंत्र बसवलं होतं. त्यातून दिवसभर सुगंधी वाफ फुसफुसत असे.

"आत्म्याला डोळे नसतात, फक्त नाक असतं," आचान सांगत. "वास धरून तो घरी येतो. माणसाच्या अंगात शिरायला त्याला संकोच वाटतो, मुक्या जनावराच्या नाही."

डोळे गेले आणि नाक तेवढं कसं राहिलं, हे कुणी विचारलं नाही. आशीर्वाद फुकट होता, यंत्रात घालायच्या तेलाची बाटली तेवढी विकत.

थुआनं पाण्याच्या वाटीपाशी मान खाली घातली. मान तशीच खाली गेली आणि हनुवटी पाण्यात बुडाली.

"नमस्कार करतेय," मागून कुणीतरी म्हणालं.

मग मांजर कुशीवर पडली. अंगाला थरथर सुटली. लमयकाकू बाई प्रेमळ. त्यांनी चटकन कमरेची यादोमची नळी काढली. "चक्कर आली असेल गं तिला. हुंगव हे."

त्या गावात यादोम घेतल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. ऊन लागलं, बस लागली, परीक्षा आली, मयत झालं, काहीही होवो, नळी नाकाला. शब्दाचा अर्थच मुळी हुंगायचं औषध. जे औषध आहे त्यानं अपाय कसा व्हायचा? बघता बघता चार नळ्या मांजराच्या नाकाशी आल्या.

थुआनं तोंड फिरवलं. पुढच्या पायांवर अंग ओढत ती भिंतीकडे सरकू लागली.

"आई आणखी जवळ येतेय," आचान म्हणाले. "यंत्र वाढवा."

नारुमोन बघत राहिली. आई यादोमशिवाय जिनासुद्धा उतरायची नाही. शेवटच्या आजारात बोलणं गेलं तेव्हाही ती बोटानं नळी मागायची. आणि ही तोंड फिरवतेय. कितीतरी दिवसांनी नारुमोनच्या मनात एक सरळ विचार आला: ही आई नाही.

तिनं मांजर लुंगीत गुंडाळली, यंत्राशेजारची बाटली उचलली आणि गर्दीतून वाट काढत निघाली.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर ओरावाननं आधी मांजराच्या केसांचा वास घेतला. "हिला बाम चोळलात का?"

"नाही. हिच्यात आई यावी म्हणून आचाननं घरात यंत्र बसवलंय."

डॉक्टरनं बाटली उघडून हुंगली. "कापूर, निलगिरी, लवंग. वाफेबरोबर हे तेल हिच्या अंगावर बसतं. मांजर दिवसभर अंग चाटते, म्हणजे दिवसभर तेच पिते. आपलं यकृत असली तेलं निस्तरतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. लाळ, झोकांड्या, थरथर, सगळं त्यातूनच." मांजर धुता धुता तिनं विचारलं, "त्या बाबानं आल्या आल्या काय विचारलं होतं, आठवतंय?"

नारुमोनला आठवलं. आईचं नाव विचारायच्याही आधी ते म्हणाले होते, घरात मांजर आहे ना?

"या वर्षात अशा दोन मांजरी आल्या माझ्याकडे. एकीच्या अंगात आजोबा आले होते. ती वाचली नाही." डॉक्टरनं सलाईन लावलं. "हिला इथंच राहू दे. आई असेल तर इथंही लंगडेल. तेल असेल तर उतरेल."

बरी झाली तर आई पुन्हा जाईल, असं नारुमोनच्या मनात येऊन गेलं. त्या विचाराची तिला स्वतःलाच भीती वाटली. तिनं थुआच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "उतरवा."

काही दिवसांनी थुआ सरळ चालत घरात शिरली. ओटा पुन्हा भरला होता.

"आईला सुया टोचल्यात, ती रुसली," आचान म्हणाले. "नवी बाटली लावा, येईल परत."

"आचान, तुमच्या घरी मांजर आहे?" नारुमोननं विचारलं.

"आहेत की. दोन आहेत."

"मग त्यांच्याजवळ हे यंत्र लावता का?"

आचान अंगठ्या फिरवत राहिले. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग नारुमोननं बाटलीत काय आहे आणि त्यानं मांजराचं काय होतं, ते जसं ऐकलं तसं सांगितलं.

"पण पाय तर तुझ्या आईसारखाच ओढत होती ना?" लमयकाकूंना अजून पटत नव्हतं.

"ओढत होती. आईला अर्धांग झालं तेव्हा तीही पाय ओढायची. तेव्हा आपण तिला डॉक्टरकडे नेलं, काकू. हात जोडून बघत बसलो नाही."

काकू हळूच म्हणाल्या, "माझ्याकडेही मांजर आहे. खोलीत लिंबाच्या तेलाचं यंत्र लावते मी. मग वासासाठी करायचं काय?"

"ते आजच बंद करा. खिडक्या उघडा. फारच वाटलं तर मोगऱ्याची ताजी माळ लावा. आपल्याला हुंगून बरं वाटतं म्हणून जनावरालाही बरं वाटेल, असं धरून चालू नका. ठाऊक नसेल तर विचारा. विचारल्यानं कुठलाही देव कोपत नाही."

आचान केव्हा निघून गेले ते कुणी पाहिलं नाही. थुआ नारुमोनच्या पायाला अंग घासत होती.

"आईनं निदान निरोप तरी घेतला का गं?" काकूंनी विचारलं.

"आई महिन्यापूर्वीच गेली, काकू," नारुमोन म्हणाली. हे वाक्य तिनं अजून कुणाजवळ उच्चारलं नव्हतं. "माझी आई मेली. ही मांजर आहे, आणि हिला भूक लागलीय."

ती आत गेली. ताटलीत भात आणि मासा कालवता कालवता तिला रडू फुटलं, आणि या वेळी तिनं ते येऊ दिलं.