झुलत्या पुलावरचा बांबू

दरड कोसळली तेव्हा माझे सासरे, लिंगायो, डोंगरावरच्या भातखाचरात होते. दगडाखाली त्यांचा गुडघा चिरडला. गावातले तरुण पुरुष बागियो शहरात कामाला गेलेले, माझा नवराही तिकडेच. दवाखाना नदीपलीकडे. मग मी आणि माझी मोठी नणंद लावागन, आम्ही दोघींनीच घोंगडीची झोळी बांबूला बांधली. वन्सं पुढे, मी मागे.

"तुमच्या आईने मला एकटीने पाठीवर नेलं असतं," सासरे कण्हत म्हणाले.

"आई तुम्हाला वाटेतच टाकून आली असती," वन्सं म्हणाल्या.

झुलत्या पुलाची एका बाजूची तार तुटली होती. खाली गढूळ पाणी झाडं वाहून नेत होतं. उजव्या हाताने खांद्यावरचा बांबू, डाव्या हाताने उरलेली तार धरून आम्ही निघालो. अर्ध्यावर माझ्या पायाखालची फळी मोडली. मी मांडीपर्यंत खाली गेले. बांबू खांद्यावरून निसटला तो मी मुठीत पकडला.

"वन्सं, थांबा!"

"काय झालं?" त्यांना मागे वळताही येईना.

ओला बांबू मुठीतून सरकत होता. करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट.

सासऱ्यांनी वर पाहिलं. "आविंग, सोड मला. पोरं लहान आहेत तुझी."

ते ऐकून मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. आणि पाण्यापेक्षा मी त्या वाटण्यालाच जास्त भ्यायले.

मी तार सोडली. दोन्ही हातांनी बांबू धरला, छातीशी ओढला. आता मला धरायला काहीच नव्हतं.

"वन्सं, खाली बसा. बसूनच सरका. हळू."

त्या बसल्या. मी कोपर टेकून पाय वर काढला, गुडघ्यांवर आले. एक फळी, मग दुसरी. सासरे डोळे मिटून पुटपुटत होते. तो पूल किती लांब होता, मला आजही सांगता येत नाही.

पलीकडे माझी बोटं उघडेनात. वन्संनी ती आपल्या काखेत धरून ऊब दिली, मग एकेक सोडवलं. त्या रडत होत्या आणि मला शिव्याही देत होत्या.

सासऱ्यांचा पाय गेला, जीव वाचला. दवाखान्यात त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मी सोड म्हणालो तेव्हा तुला काय वाटलं?"

मी खरं ते सांगितलं. मग माझा सुजलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला.