बेटकुळी

नवऱ्याची डावी मूठ कोमट पाण्याच्या तसराळ्यात बुडवून तिने आधी अंगठा सोडवायला घेतला. अंगठा सुटला की तर्जनी जरा ऐकते, तिच्यामागून मधलं बोट येतं. करंगळी मात्र शेवटपर्यंत हट्ट धरून बसते. जोर लावायचा नाही, हिसका द्यायचा नाही. नुसतं धरून राहायचं आणि बोट कंटाळण्याची वाट बघायची.

"झालं का?" पैलवानाने विचारलं. तो भिंतीकडे बघत होता.

"अंग सैल सोडा. तुम्ही चिडलात की हीसुद्धा चिडते."

"मी कुठे चिडलोय?"

तेवढ्यानेच सुटलेली तर्जनी पुन्हा आत वळली. तिने परत अंगठ्यापासून सुरुवात केली.

करंगळीचं नख रुतून तळव्यावर जखम झाली होती. भोवतालची कातडी पांढरी पडून फुगली होती, आणि रोज धुऊनही डब्यात कोंडून राहिलेल्या ओल्या फडक्यासारखा वास मुठीतून यायचाच. तिने श्वास रोखला, पण चेहरा हलू दिला नाही. जखम टिपली, पावडर भुरभुरली, बोटांखाली कापडाची गुंडाळी सरकवली आणि हात सोडला. मूठ गुंडाळीवर मिटली, कोपर दुमडलं, आणि हात आपल्या मनाने छातीशी जाऊन बसला. दंडावर बेटकुळी उभी राहिली.

कुस्ती तो आयुष्यात कधी खेळला नव्हता, तरी सगळे त्याला पैलवानच म्हणत. घराच्या खालच्या मजल्यावर त्याची व्यायामशाळा होती. चारी भिंतींना आरसे, तारांवर चढउतार करणारी वजनं, आणि दारातून आत पाऊल टाकताच नाकात शिरणारा लोखंडाचा आणि घामाचा वास. चार माणसं जमली की कुणीतरी म्हणायचंच, "पैलवान, दाखवा की एकदा." मग तो आढेवेढे घ्यायचा, तेही बाही वर सारता सारता. डावा दंड उजव्यापेक्षा सरस, असं त्याचं मत होतं. तो रस्त्याने चालायचा तो दोन्ही काखांत कलिंगडं धरल्यासारखा. लग्नानंतर लवकरच तिने हसत हसत तसं बोलून दाखवलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. ती त्याच्या बाजूने चालायची ती हातभर अंतर ठेवून. त्या हातांना जागाच तेवढी लागायची.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो आरशासमोरच उभा होता. शिकायला आलेल्यांना पवित्रा दाखवायला त्याने दोन्ही हात वर केले, आणि आरशातला एकच हात वर आला. तो आरशावरच ओरडला म्हणतात.

वाचा शाबूत राहिली, उजवी बाजू राहिली, काठीच्या आधाराने चालणंही जमू लागलं. डावा हात मात्र पिळून टाकलेल्या कपड्यासारखा लोंबत राहिला. मग हळूहळू तो आपोआप वाकायला लागला. आधी कोपर, मग मनगट, मग बोटं. त्या दिवसांत पैलवानाला आभाळ ठेंगणं झालं होतं. "बघ, ताकद येतेय," तो म्हणायचा, आणि ती हात लावून बघायची. दंड खरोखरच दगडासारखा लागायचा. तिने नणंदेला फोन करून सांगितलं, शेजारी सांगितलं. नंतर डॉक्टरीणबाईंनी हात तपासला आणि शांतपणे सांगितलं, "ही ताकद नाही. आवरायला कुणी उरलं नाही म्हणून स्नायू एकटाच ओढत सुटलाय."

ती ऐकून घेऊन कामावर गेली. बाजारपेठेच्या टोकाला दुरुस्तीचं एक दुकान होतं. तिथे ती भिंगाच्या दिव्याखाली बसून लॅपटॉपच्या बिजागऱ्या आणि घडीचे फोन दुरुस्त करायची. घडीच्या फोनचे मालक फोन देतानाही दोनदा उघडून मिटून दाखवत. आतली केसासारखी पातळ पट्टी मोडून पडदा अर्धा काळा झालेला असला, तरी घडी घालण्याची ऐट तशीच. दुकानाचे मालक म्हणायचे, "वाकणाऱ्या वस्तूंवर आपलं पोट आहे बाई. सरळ वस्तू कोण आणतं आपल्याकडे?" त्या दिवशी तिला हसू आलं नाही. एका लॅपटॉपची गंजलेली बिजागरी तिने तेल घालून, पुन्हा पुन्हा हलवून सैल केली, आणि सैल झाल्यावरही ती बराच वेळ ते झाकण उघडत आणि मिटत राहिली.

पट्ट्या बांधून झाल्या, सुया टोचून झाल्या. कोपराला लावायचा एक सांगाडाही आणून झाला. त्याची चावी रोज थोडी पिळून हात थोडा सरळ करायचा. पैलवानाने दात-ओठ खाऊन तो वापरला. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोटं ओढून धरणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या सैल करून घेऊ. मनगटाशी छोटं ऑपरेशन आहे. हात उघडा राहील, धुता येईल, जखमा भरतील. उशीर केलात तर त्या आखडून बसतील, आणि जखम हाडापर्यंत गेली तर वेगळंच बोलावं लागेल."

"मग मूठ परत वळेल?" त्याने विचारलं.

"नाही. ती परत वळणार नाही."

"म्हणजे लोंबणार."

"आत्ता तरी ती तुम्ही कुठे वळता? आपोआप वळते."

पैलवान हसला. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात डॉक्टर. उघडून काय करायचंय?"

डॉक्टरीणबाईही हसल्या. ती मात्र हसली नाही. सव्वा लाखाच्या त्या मुठीत काय आहे ते तिला रोज सकाळी दिसत होतं.

नणंद समजूत घालायला आली. पैलवानापेक्षा वयाने मोठी आणि आवाजानेही मोठी. आत जाऊन भावाशी तासभर बोलली आणि स्वयंपाकघरात येऊन धपकन बसली.

"लहानपणापासून असाच आहे गं हा. मोडेल पण वाकणार नाही."

"ते बरं होतं ताई. आता वाकलाय तो सरळ होईना."

नणंदेला आधी हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं. पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "तू सांगून बघ ना."

"माझं त्यांनी कधी ऐकलंय?"

खरं म्हणजे तो का अडून बसलाय हे तिला कळत होतं. व्यायामशाळेतले जुने लोक भेटायला यायचे, तेव्हा तो आधीपासून तयारीत असायचा. अर्ध्या बाह्यांचा सदरा, खुर्ची तिरपी, डावी बाजू दाराकडे. दारातून बघणाऱ्याला दुमडलेला हात आणि वर आलेला दंडच दिसायचा. मूठ सावलीत राहायची. ती खुर्ची तिलाच तशी लावावी लागे. "जरा आणखी फिरव," तो म्हणायचा, आणि ती फिरवायची.

एका सुट्टीच्या दिवशी चिमणा आला. व्यायामशाळेत पहिल्यांदा आला तेव्हा फुंकर मारली तर उडेल असा होता, म्हणून पैलवानानेच हे नाव ठेवलं होतं. आता तो दारातून तिरका झाल्याशिवाय आत येत नव्हता. त्याची स्वतःची व्यायामाची दोन केंद्रं होती.

"सर!" तो उंबऱ्यातूनच ओरडला. "काय हे सर, दंड अजून तस्साच! आमच्याकडच्या पोरांना दाखवायला न्यायला पाहिजे तुम्हाला."

पैलवानाचा चेहरा उजळला. कितीतरी महिन्यांनी तिने तो तसा बघितला. "मेहनत आहे बाबा," तो म्हणाला. "अशी तशी जात नाही."

चिमणा पुढे आला, गुडघ्यावर बसला, आणि कुणाला काही कळायच्या आत त्याने प्रेमाने ती मूठच आपल्या दोन्ही हातांत धरली. क्षणभर तो तसाच राहिला. मग त्याचं डोकं किंचित मागे गेलं. मूठ त्याने लगेच सोडली नाही. तेवढी माणुसकी त्याच्यात होती. दोन शब्द बोलून, हळूच, ठेवून दिल्यासारखी सोडली. बोलणं चालू राहिलं. चहा आला. आणि चिमणा एका हाताने कप धरून दुसरा हात पँटीवर पुसत होता. पुन्हा पुन्हा, त्याचं त्यालाही माहीत नसावं.

पैलवान ते बघत होता.

चिमणा गेल्यावर तिने कप उचलले. खुर्ची सरळ करायला ती वाकली, तेव्हा त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला दिसला.

"येतो का गं एवढा वास?" त्याने विचारलं.

ती खुर्ची सरळ करत राहिली.

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं त्यात?"

ती कप विसळून आली तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टरांना तारीख विचार."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती अर्धी सुट्टी घेऊन दुपारीच घरी आली. पिशवी भरायची होती, कपडे काढायचे होते. घर शांत होतं. काठी पलंगाला टेकवलेली होती आणि पैलवान उताणा झोपला होता, तोंड अर्धवट उघडं टाकून. रात्री तो भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायचा, आणि तिचं अंथरूण बाहेरच्या खोलीत असे. असं उजेडात झोपलेलं त्याला तिने झटका आल्यापासून बघितलंच नव्हतं.

कपाटाकडे जाताना ती थबकली. डावा हात छातीवर नव्हता. तो पलंगाच्या कडेवर पडला होता, कोपरात जेमतेम वाकलेला. बोटं सैल होती. अगदी सरळ नव्हती, पण मिटलेलीही नव्हती. कापडाची गुंडाळी घरंगळून जमिनीवर पडली होती.

तिने बेटकुळीला बोट लावून बघितलं. मांस मऊ होतं, म्हाताऱ्या माणसाचं असतं तसं. ज्या हातासाठी ती रोज सकाळी पाण्यात अर्धा तास घालवत होती, तो इथे झोपेत कुणी न सांगता सुटला होता. तिला राग यायला हवा होता, पण तो आला नाही. ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली आणि त्या तळव्याकडे बघत राहिली. जखमेची कड सुकत आली होती. लोखंडाच्या दांड्याने पडलेले जुने घट्टे अजून होते, बोटांच्या मुळाशी, ओळीने. संसाराच्या इतक्या वर्षांत हा तळवा तिने असा कधी निवांत बघितला नव्हता. आधी तो कधी रिकामा नसायचा. आणि नंतर बघितला तो धुण्यापुरता.

तिने आपला हात त्यात ठेवला. का ठेवला, हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तळवा गरम होता.

तो जागा झाला. आधी पापण्या हलल्या, मग श्वास बदलला, आणि तिच्या हाताभोवती बोटं वळायला लागली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. सावकाश, पण न थांबता. शेवटी अंगठा वरून येऊन बसला. तिच्या बोटांची हाडं एकमेकांवर दाबली गेली. कोपर वाकू लागलं तशी ती स्टुलासकट थोडी पुढे ओढली गेली.

पैलवानाने मान वळवली. आधी तिच्याकडे बघितलं, मग मुठीकडे.

"दुखतंय?"

"नाही."

"मी नाही धरलेलं."

"माहितीये मला."

खिडकीखालून कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं. चाकांचा खडखडाट लांब जाईपर्यंत दोघंही ऐकत राहिली. तिचा उजवा हात मोकळा होता. मनात आणलं असतं तर अंगठ्यापासून सुरुवात करता आली असती.

"उद्या किती वाजता जायचंय?" त्याने विचारलं.

"सकाळी लवकर."

"पिशवी भरलीस?"

"भरीन."

"मग वेळ आहे अजून," तो म्हणाला, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

ती बसून राहिली. उन्हाची तिरीप पलंगावरून उतरून जमिनीवर गेली. त्याचा श्वास संथ चालला होता, पापण्या हलत नव्हत्या. खोलीत कुणी डोकावलं असतं तर म्हणालं असतं, झोपलाय. पण तो झोपला नव्हता. मूठ सैल झाली नव्हती.