टोपीवाली फुफी

मस्कतच्या वादी कबीर भागातल्या फ्लॅटमधला जुना एसी काढला तेव्हा भिंतीला हे एवढं भोक राहिलं. ते झाकायला सबीहाने सेलमधून एक चित्र आणलं. फ्रान्समधलं कुठलंसं खेडं, दीडशे वर्षांपूर्वी कुणी रंगवलेलं, त्याची छापील नक्कल. ओढा, गवताच्या उडव्या, दोन गुबगुबीत गाई आणि पांढरी टोपी घातलेली एक बाई. सबीहाच्या नवऱ्याने, उस्मानभाईंनी, त्या चित्राकडे कधी धड पाहिलंही नव्हतं.

आज मात्र त्यांच्या लेकीला, अंबरीनला, मागणी घालायला मस्कतमधल्याच गाल्याहून गॅरेजवाले यासिरभाई बायकोला घेऊन आले होते. मुलगा मुआज लाखात एक, अंबरीनलाही पसंत. घोडं अडलं होतं भलतीकडेच. उस्मानभाईंनी फोनवर 'गावाला मोठी बागायत हाय' अशी फुशारकी मारून ठेवली होती. बागायत होती, खोटं कशाला बोला! पण ती रिसॉर्टवाल्याला विकून झाली होती आणि आता तिथे परके लोक पोहत होते. ज्याला गाव नाही त्याच्याशी कोकणातलं कोण सोयरीक करणार?

सरबत पिता पिता यासिरभाईंची नजर नेमकी भिंतीवर गेली.

"गाव काय तुमचा?"

"हां, गावच! मुद्दाम चित्र काढून घेतला," उस्मानभाई बोलून गेले. सबीहाने कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला.

"उडव्या झकास रचल्यात. गाई दूध देतात?"

"भांडी पुरत नाय."

"आणि ही बाई?"

"आमची फुफी. बापाची बहीण."

"टोपी घालते?"

"ऊन सोसत नाय तिला."

यासिरभाईंनी सरबताचा पेला खाली ठेवला. त्यांची बायको गुलबानू ओढणीत तोंड लपवून बसली. आपल्या जिभेनं पोरीचं लग्न मोडलं, या विचाराने उस्मानभाईंना स्वतःचीच लाज वाटली.

"खोटं बोललो, यासिरभाई. गाव खलास. सगळं विकलं. पण पोरीवर राग नको."

यासिरभाई उठले आणि चित्राला नाक लावून टोपीवालीला न्याहाळू लागले.

"फुफी काय? आमच्या हॉलमधे पण हीच हाय. तिथं ती माझ्या आईची बहीण, माझी खाला लागते."

"आम्ही सेलमधून आणलंय, भाभी," गुलबानूला आता हसू आवरेना. "यांनी तर गाईंना बारसं करून नावं दिलीत."

मग सगळेच हसले. सबीहाने मिठाई फिरवली, सोयरीक पक्की झाली.

"चला, लग्न गावाला लावू," यासिरभाई सवयीने म्हणाले. म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली; गाव त्यांचंही विकून झालं होतं. दोघा बापांनी चित्राकडे पाहिलं.

"मस्कतलाच करू," उस्मानभाई हळूच म्हणाले.

"करू. पण फुफीला मांडवात टांगा हां, उस्मानभाई. गावाकडचं माणूस म्हणून दोघांची मिळून तेवढी एकच उरलीय."