वाढदिवसाचा कोयता

पणजोबा धम्मरत्न यांनी परजिल्ह्यातून येऊन पिंपरीत पाय रोवले, आजोबा भीमराज आकुर्डीच्या कारखान्यात फोरमन झाले, वडील नागसेन चाकणच्या कंपनीत अभियंता झाले. या घराण्यातला सतरा वर्षांचा बुद्धरत्न मात्र त्या संध्याकाळी संत तुकाराम नगरातल्या आपल्या घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होता. फोन सारखा थरथरत होता.

"बस जरा, फरशी झिजेल!" आजी कस्तुराबाई म्हणाल्या. त्या गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या निरीक्षणगृहाच्या अधीक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्यापुढे खोटे टिकत नसे. "सॅक उघड."

टॉवेलात गुंडाळलेला कोयता निघाला.

"चौकातल्या कुलदीपदादाचा वाढदिवस आहे गं. चौकात केक कापायचा, रील टाकायची. एवढंच!"

"केकला सुरी मिळेना?"

"सगळे कोयत्यानंच कापतात. धरायचा मी. मला अठरा पूर्ण नाहीत ना, मला काहीच होत नाही. दादा म्हणतो, कायदाच तसा आहे."

"मग बावीस वर्षांचा तो घोडा स्वतः का धरत नाही?"

बुद्धरत्न अडखळला. "मी अपघातात पडलो होतो, तेव्हा त्यानंच उचलून दवाखान्यात नेलं. उपकार आहेत त्याचे. नाही कसं म्हणू?"

"अर्धाच कायदा शिकलात दोघे! चौकात कोयता मिरवणे हाच गुन्हा आहे. तुला बाल न्याय मंडळापुढे उभे करतील. कायदा मुलाला सुधारण्याची संधी देतो, गुन्ह्याचा परवाना नव्हे! आणि मुलाच्या हातून गुन्हा करवून घेणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे आहे का ठाऊक तुझ्या दादाला?"

फोन पुन्हा थरथरला. कुलदीपचा संदेश होता: 'कुठंयस भावा? केक वितळला.'

बुद्धरत्न कोयता तिथेच टाकून चौकाकडे धावला.

"काय रे, आजीनं कोंडलं होतं का?" कुलदीप हसला. पोरे खिदळली.

"दादा, कोयता आणला नाही. मी धरला असता, तर तू आत गेला असतास. माझ्यापेक्षा जास्त वर्षं."

"कोण म्हणतं?"

"आजी. असली पोरं सांभाळण्यात तिची सगळी नोकरी सरली."

कुलदीपचे हसू मावळले. रीलसाठी उचललेले फोन एकेक करून खाली आले.

"सुरी आणा रे कुणीतरी," तो अखेर पुटपुटला.

नागरिकहो, आपली मुले कायदा चौकात शिकतात, कारण आपण तो घरात शिकवत नाही. कायद्याचे अज्ञान घातक खरे. पण अर्धे ज्ञान मुलाच्या हाती शस्त्र देते!

ज्या कुलदीपने एकदा बुद्धरत्नाला रस्त्यावरून उचलले होते, त्याला बुद्धरत्नाने त्या संध्याकाळी तुरुंगाच्या वाटेवरून मागे फिरवले. उपकार पुरते फिटले.