व्हिएन्नाची चौकशी

माझ्यासाठी आलेलं स्थळ व्हिएन्नाचं होतं, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजधानीचं. बाबा निवृत्त ऑडिटर, त्यामुळे आमच्याकडे चहापोह्यांच्या आधी मुलाचं ऑडिट होतं. त्यांनी केदारच्या फोटोवर भिंग धरलं. तो स्टेशनवर उभा होता आणि मागच्या पाटीप्रमाणे गाडी 'बेच'ला जाणारी होती.

"हंगेरीहून घरी परतताना काढलाय म्हणे. मग गाडी बेचची कशी?" असं म्हणत बाबांनी लगेच फोन लावला.

"काका, बेच म्हणजेच व्हिएन्ना," केदार शांतपणे म्हणाला. "हंगेरीत तसंच म्हणतात. इथले लोक वीन म्हणतात, स्लोव्हेनियात दुनाय."

"आणि मूळ नाव?"

"बहुधा वेदुनिया. जंगलातला ओढा असा अर्थ लावतात, पण नक्की कोणालाच माहीत नाही."

एवढं बाबांना पुरलं. फोन ठेवून ते म्हणाले, "एका गावाला चार नावं, आणि कुठून आली ते राहणाऱ्यालाच माहीत नाही. नावं बदलणाऱ्यांचा मला भरवसा वाटत नाही."

आई शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"लग्नात ताटातल्या तांदळांवर तुम्ही अंगठीनं 'आनंदी' लिहिलंत," ती म्हणाली. "त्याआधीचं माझं नाव कुणी ठेवलं, कशावरून ठेवलं, याची चौकशी केलीत कधी?"

बाबांनी उत्तरासाठी माझ्याकडे पाहिलं. मीही कधी विचारलं नव्हतं.