जोडणाऱ्याशी बोलू नये

ट्रेलर जोडणाऱ्या माणसाशी बोलू नये, हा तिथला नियम. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण अमेरिकेतल्या युमा गावाच्या वर वाळवंटात पसरलेल्या, चाकांवरच्या घरांच्या त्या पार्कात हिवाळा काढणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ होता. माणूस पिकअपच्या हौद्यावर वाकून ट्रेलरची मान खटक्यात बसवत असला की त्याला हाक मारायची नाही, 'काय, निघालात का' विचारायचं नाही, शक्य तर त्या बाजूने जायचंही नाही. एकदा एकाला शेजाऱ्याने फुटबॉलचा स्कोअर विचारला होता. तो उत्तर देऊन, खटका न लावताच, गाडीत बसला आणि निघाला. पिकअप पुढे गेली, घर मागे नाकावर पडलं. बायकोच्या लग्नातल्या सगळ्या बश्या फुटल्या. ही गोष्ट खरी असो वा नसो, तिथे ती नव्या माणसाला कॉफीच्या आधी ऐकवली जायची.

मार्लिसचा नवरा व्हर्लिन हा नियम पाळणाऱ्यांचा मेरुमणी. दोघांनी आयोवातलं घर विकून कायमचं चाकांवर राहायला घेतलं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने तिला बजावलं होतं, "मी जोडत असताना छताला आग लागली तरी आधी मला संपवू दे." ती हसली होती. पुढे सगळी वर्षं तिने ते पाळलं.

जानेवारीत एका सकाळी ते थोड्या दिवसांसाठी दुसरीकडे निघणार होते. मार्लिस ट्रेलरच्या पायरीवर कॉफी घेऊन बसली होती. व्हर्लिन पिकअपच्या कडेवर पोट टेकवून, दोन्ही हात हौद्यात घालून, मान खाली करून खटका बघत होता. सगळे तसंच बघतात. समोर खुर्चीत शेजारचा रॉयस पेपर वाचत होता. त्याची बायको ट्वायला कुत्र्याला घेऊन येत होती, तिने व्हर्लिनला पाहिलं आणि शहाण्यासारखी लांबून वळसा घालून गेली. मार्लिसला वाटलं, आज मानेची पिन नीट बसत नाहीये वाटतं. तिची कॉफी गार झाली. तिने ती ओतून दुसरी आणली. तीही गार होत आली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की त्याची टोपी खाली पडलीये आणि त्याने ती उचललेली नाही.

डॉक्टर म्हणाला, हृदयाचा झटका होता, बहुधा लगेचच गेले असतील. 'बहुधा' हा शब्द तिने ऐकला आणि त्यावर काही विचारलं नाही.

नंतर सगळ्यांनी खूप केलं. शेजाऱ्यांकडून भट्टीत भाजलेल्या जेवणाची, कॅसरोल्सची, एवढी भांडी आली की फ्रिजचं दार लागेना. "कशी आहेस?" विचारलं की ती म्हणायची, "ठीक आहे." ते खोटंही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं. ती उठायची, टाकी बघायची, अंडं उकडायची, बसायची. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही. मग वाट पाहणंही सोडून दिलं.

मुलगा कर्ट दर रविवारी आयोवातून फोन करायचा. त्याने तिच्यासाठी आपल्या घराच्या तळघरातली खोली रंगवून घेतली होती. खिडकी लहान आहे, पण आहे, असं तो सांगायचा. "आई, एकटीने कसं जमणार तुला? ते अजस्र धूड तू ओढणार आहेस का?" मार्लिस म्हणायची, बघते. पण मार्च आला, उन्हाने पत्रे तापायला लागले, पार्क रिकामा होऊ लागला. आता बघून भागणार नव्हतं. तळघर तरी, नाहीतर रस्ता तरी. तिला रस्ता हवा होता, कारण आयोवात तिला फक्त व्हर्लिनची बायको म्हणून बसून राहावं लागलं असतं. पण तो ट्रेलर जोडायला ती हौद्यावर वाकू शकत नव्हती. हे तिने कोणालाच सांगितलं नाही; ट्रेलर विकून दुसरं काही घ्यायचंय, एवढंच म्हणाली.

मग काय, सल्ल्यांना ऊत आला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, पण निदान दुसऱ्या विंचवाने कसलं बिऱ्हाड घ्यावं हे तो सांगत बसत नाही. इथे उंटावरच्या शहाण्यांची रांग लागली. रॉयस म्हणाला, बसएवढं मोठं मोटरहोमच घे, पुढच्या काचेतून जग दिसतं. दुसऱ्याने सांगितलं, मधलं घे, ज्याच्या ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ते, नातवंडं झोपतील. तिला नातवंडं नव्हती. ट्वायलाचं म्हणणं, आतच पलंग आणि ओटा असलेली व्हॅन. "तू एकटी, तुला हॉल कशाला? नाचायला?" आणि तिनेच मार्लिसला गाडीत घालून युमातल्या असल्या गाड्यांच्या दुकानात नेलं.

ट्वायलाची पद्धत ठरलेली होती. रंग बघायचा नाही, गादीचं कापड बघायचं नाही. आत जाऊन एक दिवस जगल्यासारखं करायचं. कप धुवायचा, न्हाणीत उभं राहून कोपर आपटतं का ते पाहायचं, संडासावर दार लावून बसायचं. बाहेर विक्रेता घड्याळ बघत उभा आणि ह्या दोघी आत खोटं खोटं ऑम्लेट करतायत. मार्लिसने सांगितलं ते सगळं केलं. शेवटी ती व्हॅनच्या मागच्या पलंगावर आडवी झाली. अगदी कडेला, भिंतीशी, दुसरी बाजू मोकळी ठेवून.

ट्वायलाने ती मोकळी बाजू पाहिली. मग म्हणाली, "मधे झोप गं."

मार्लिस मधे सरकली. तिला तसं झोपता येईना, पण ती पडून राहिली.

विक्रेत्याने बॅटरी दाखवली, सोलर दाखवलं. मार्लिसने एकच विचारलं, "याला कधी काही जोडावं लागतं का?"

"छे, मॅडम. किल्ली फिरवा आणि निघा. हां, मागे छोटी गाडी ओढायची असेल तर जोड बसवून देतो. सगळेच घेतात."

"नको."

"अगं, मग पाव आणायला घरच घेऊन जाशील का बाजारात?" ट्वायला म्हणाली.

"नेईन," मार्लिस म्हणाली.

ट्रेलर आणि पिकअप घ्यायला एक तरुण जोडपं आलं, कोल्बी आणि जॅना. दोघंही उत्साहाने उतू जात होती. किल्ल्या हातात आल्या, जॅनाने ओटा पुसला, आणि कोल्बीने पिकअप मागे घेऊन ट्रेलरखाली बरोबर लावली. शिकलेला दिसत होता. मग तो उतरला, कडेवर पोट टेकवलं, दोन्ही हात हौद्यात घातले आणि मान खाली केली.

समोर रॉयसने पेपर वर घेतला. ट्वायलाने कुत्र्याचा पट्टा ओढून त्याला थांबवलं. जॅना पायरीवर गप्प उभी राहिली. सगळं व्यवस्थित, सभ्य. मार्लिस आपल्या व्हॅनच्या दारात होती. तिला त्याची पाठ दिसत होती. पाठ हलत नव्हती.

ती चालत गेली आणि त्याच्या मागे उभी राहिली. "ठीक आहेस ना?"

"हो, मॅडम. एक मिनिट."

"ठीक आहेस ना तू?"

"मॅडम, आत्ता नको ना. चुकेल माझं."

जॅना हळूच म्हणाली, "जोडताना बोलू नये म्हणतात, मॅडम."

"माहीत आहे मला," मार्लिस म्हणाली. "चुकलं तर परत जोड. पण तू बोलत राहा. गप्प राहू नकोस."

"काय बोलू?"

"काय करतोयस ते सांग."

कोल्बीने जॅनाकडे पाहिलं आणि परत खाली वाकला. "पिन आत आलीये," तो म्हणाला. "खटका बंद होतोय... नाही, झाला नाही. परत करतो. आता झाला. बॅटरीने आत बघतोय. आता वायर लावतोय." बोलता बोलता त्याने वायर उलटी धरली, शिवी हासडली आणि सरळ केली.

रॉयसने पेपर खाली ठेवला होता. तो कधी उठून जवळ आला ते मार्लिसला कळलं नाही. कोणीतरी छातीत हात घालून पिळावं तसं तिला दुखायला लागलं होतं. जानेवारीपासून पहिल्यांदाच तिला काही दुखत होतं. ती तिथेच खडीवर बसली.

कोल्बी वायर सोडून वळला. "मॅडम, तुम्ही ठीक आहात ना?"

"नाही," मार्लिस म्हणाली.

रॉयस आपली खुर्ची आणायला गेला.